किती आले, हे विचारण्याआधी

आर्चरीच्या क्लासबाहेर ताटकळणाऱ्या आम्हा आईबापांचा एक ठरलेला प्रश्न आहे. पोरगं बॅग सावरत बाहेर आलं, की त्याने पाण्याच्या बाटलीला तोंड लावायच्या आत तो आपल्या तोंडून निसटतोच. ‘‘किती आले?’’

हेतू कुणाचाच वाईट नसतो. ऑफिसातून तसंच धावत आलेलो असतो, घरी जाऊन कुकर लावायचा असतो, धाकट्याला शेजारून आणायचं असतं. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारतो. शिवाय खरं सांगायचं, तर आपल्याला कळतो तो आकडाच. पिवळ्यात मधोमध लागला की दहा, पांढऱ्यात कडेला लागला की एक, एवढं गणित पहिल्याच दिवशी समजतं. खांदा कुठे होता, कोपर वळलं होतं का, बोटं कशी सुटली, हे कुणी सांगितलं तरी डोक्यावरून जातं.

आणि गंमत बघा, पोरांच्या ताब्यात असतं ते नेमकं हेच. पाय, पाठ, कोपर, बोटं. आकडा लागतो तो तिकडे लांब, बाण निघून गेल्यावर. तेव्हा आज जरा या इकडच्या टोकाबद्दल बोलूया म्हटलं. मी काही कोच नाही. बाकड्यावर बसून भाजी निवडता निवडता सरांचं मुलांशी बोलणं कानावर पडतं, त्यातून जे उमगलं ते तुमच्याशी वाटून घेतेय.

आपल्यापैकी बरेचजण या मैदानापर्यंत कसे पोचलो, तेही ठाऊक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढतीत १५० पैकी १५० मारले. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत सरांच्या हाताखाली घडलेले. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव, मोलमजुरी करणाऱ्या आईवडिलांचा मुलगा, टोकियो ऑलिंपिक खेळून आला होता. टीव्हीवर हे बघितल्यावर कुठल्या आईबापाला वाटणार नाही, की आपल्याही पोराच्या हातात एकदा धनुष्य देऊन बघावं?

वाटलं ते चांगलंच झालं. फक्त त्या १५० चा अर्थ जरा उलगडून बघूया. कंपाउंड, म्हणजे चाकं असलेल्या धनुष्याच्या लढतीत १५ बाण असतात. म्हणजे ओजसने पायापासून बोटांपर्यंतची सगळी क्रिया पंधरा वेळा जवळजवळ जशीच्या तशी केली. या खेळात कौशल्य म्हणतात ते एवढंच आणि तेच फार अवघड आहे. एकदा दहा कुणालाही लागतो. पहिल्या आठवड्यात माझ्या नवऱ्यालाही लागला होता. तो अजून सांगतो सगळ्यांना.

सुरुवातीचे दिवस मुलांपेक्षा आपल्याला जड जातात. फी भरलेली असते, आजीआजोबांना फोनवर कळवून झालेलं असतं, आणि पोरगं करतंय काय, तर नुसतं रबर ओढतंय. रबरी पट्टा डाव्या मुठीत, उजव्या हाताने हनुवटीपर्यंत ओढायचा, धरायचा, हळू सोडायचा. मग एकदाचं धनुष्य मिळतं, तर समोर रंगीत कागदच नाही. चार-पाच पावलांवर नुसतं जाडजूड बट्रेस, त्यात बाण मारायचे. कधीकधी तर डोळे मिटून. ‘‘सर, नेम कधी शिकवणार?’’ हे विचारायला आम्ही तिघंचौघं पालक शिष्टमंडळ घेऊन गेलो होतो, आता हसू येतं.

आपल्या डोक्यात अर्जुन असतो ना. झाड, पक्षी, पक्ष्याचा डोळा. ही गोष्ट आपण प्रत्येकाने पोरांना निदान एकदा तरी ऐकवलीय, शक्यतो अभ्यासाच्या वेळी. पण द्रोणाचार्यांनी तो प्रश्न परीक्षेच्या दिवशी विचारला होता, पहिल्या धड्याला नव्हे. त्याआधी त्या सगळ्या राजपुत्रांकडून किती घोटून घेतलं असेल, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती ऐकायला कंटाळवाणी आहे. समोर कागद असला की मुलाचं सगळं लक्ष त्या पिवळ्याकडे पळतं आणि अंगाकडे दुर्लक्ष होतं. कागद काढला, की त्याला स्वतःची पाठ जाणवायला लागते. म्हणून ते रिकामं बट्रेस. चांगले खेळाडूसुद्धा बिनसलं की तिथेच परत येतात.

त्याहीआधी एक छोटी परीक्षा असते, आणि तिच्यावरून घरात मोठं महाभारत होऊ शकतं. आपले दोन्ही डोळे सारखे काम करत नाहीत, एक पुढारी असतो. बघायची रीत सोपी आहे. दोन्ही तळवे पुढे लांब करून एकमेकांवर असे ठेवायचे की मध्ये एक लहानसा झरोका उरेल. त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवून. मग एकेक डोळा मिटायचा. जो डोळा उघडा असताना घड्याळ जागच्या जागी दिसतं, तो पुढारी. आता मूल लिहितं-जेवतं उजव्या हाताने आणि डोळा निघाला डावा, तर बरेचदा सर सुचवतात, की धनुष्य उजव्या हातात धरून दोरी डाव्या हाताने ओढू दे. झालं! ‘‘डावखुरी करणार का पोरीला?’’ असं घरातून कुणीतरी म्हणतंच. काही होत नाही हो. अगदी नव्याने शिकणाऱ्याला दोन्ही हात सारखेच अनोळखी असतात. सगळे कोच एकाच मताचे असतील असंही नाही, पण ठरवायचं ते सुरुवातीलाच ठरवलेलं बरं, आणि तेही मुलाला सांगून, समजावून.

आता पाय. मला विचाराल तर ज्याच्याकडे आपण पालक सगळ्यात कमी बघतो ते हेच. उजव्या हाताने ओढणारं मूल टार्गेटकडे डावी बाजू करून उभं राहतं. एक पाय रेषेच्या अलीकडे, एक पलीकडे, मध्ये खांद्याएवढं अंतर. दोन्ही बुटांची टोकं जोडणारी रेघ ओढली तर ती थेट टार्गेटकडे जायला हवी. हा झाला सरळ स्टान्स, पुष्कळ ठिकाणी मुलांना आधी हाच देतात. पुढे जरा तयार झाली की पुढचा पाय थोडा मागे घेऊन छाती किंचित टार्गेटकडे उघडायला शिकवतात. वजन दोन्ही पायांवर सारखं, गुडघे ना ताठ ना वाकलेले. बरगड्या खाली, पोट आत. आणि मग फक्त मान वळवायची. अंग नाही वळवायचं, नुसती मान.

हे ऐकायला किती सोपं वाटतं! पण तिसऱ्या बाणाला एक पाय दोन बोटं पुढे गेलेला असतो. पाय हलला की कंबर हलते, कंबर हलली की मूल वरच्या अंगाला पीळ देऊन नेम जुळवतं. बाण लागतोही कदाचित. पण तो पीळ प्रत्येक वेळी वेगळा असतो, आणि दहाव्या बाणाला खांदा दमतो. म्हणून पोरं जमिनीवर पावलांच्या खुणा करून ठेवतात, खडूने किंवा मातीत खुंट्या टोचून. तुमचं मूल रेषेवर उभं राहून खाली बघत बसलं असेल, तर ते वेळ काढत नसतं. ‘‘वर बघ, समोर बघ’’ असं लांबून ओरडू नका. ते पाय बघतंय, बघू दे.

धनुष्य धरायच्या हाताबद्दल थोडं जास्त बोलते, कारण आपल्या जिवाला लागणारी पहिली गोष्ट तिथे घडते. एक दिवस पोरगी घरी येते, बाही वर करते, आणि हातावर मनगट ते कोपर यांच्यामध्ये लांबट काळंनिळं उमटलेलं असतं. दोरी सुटताना हाताला चाटून गेलेली. आईच्या पोटात गोळा येतो. बाबा म्हणतात, आर्म गार्ड नव्हतं का घातलं? घातलेलं असतं. पण आर्म गार्ड हा बंदोबस्त झाला, कारण वेगळंच असतं. हात सरळ लांब केला, की आपल्यापैकी पुष्कळांचं कोपर आतल्या बाजूला फुगतं, मुलींचं जरा जास्तच. ते दोरीच्या वाटेत येतं. तळवा धनुष्यावर तसाच ठेवून नुसतं कोपर बाहेर फिरवायला शिकावं लागतं. घरी भिंतीवर तळवा टेकवून हे करून बघा, तुम्हीसुद्धा. तळवा हलू न देता कोपर फिरवायचं. मला स्वयंपाकघराच्या दारापाशी उभं राहून जमायला बरेच दिवस लागले, आणि तोवर लेकीबद्दलचा माझा आदर वाढला होता.

दुसरी गोष्ट मुठीची. लहान मूल धनुष्य घट्ट आवळून धरतं, पडेल म्हणून. आवळलं की मनगट पिळतं, आणि बाण सुटतानाच्या क्षणी धनुष्य डावी-उजवीकडे झटका खातं. खरं तर धनुष्य धरायचंच नसतं. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा आहे त्यावर ते टेकवायचं, बोटं सैल सोडायची, बोटांची पेरं तिरकी, साधारण पंचेचाळीस अंशांत. पडू नये म्हणून बोटाला किंवा मनगटाला एक दोरीचा फास असतो, स्लिंग म्हणतात. त्या स्लिंगवर विश्वास बसेपर्यंत मुलं धनुष्य आवळतातच. त्यांना ‘सैल सोड, सैल सोड’ म्हणून सैल होत नाहीत. भीती आहे ती, हळूहळूच जाते. मूल सहा पाउंडांचं धनुष्य का आवळतं, हे समजायला आपण पहिल्यांदा हायवेवर गाडी चालवताना स्टिअरिंगचं काय करत होतो ते आठवावं.

उजव्या हाताचं काम तीन बोटांचं. तर्जनी बाणाच्या वर, मधलं आणि त्याच्या शेजारचं बोट बाणाच्या खाली. दोरी पहिल्या पेराच्या सांध्यात बसते, बोटांवर चामड्याची टॅब. बाणाला तीन पिसं असतात, त्यातलं वेगळ्या रंगाचं पीस धनुष्यापासून बाहेरच्या बाजूला ठेवायचं. अंगठ्याला काहीच काम नाही, तो तळव्यात मिटून ठेवायचा. हे शिकून आल्यावर आमच्या क्लासातल्या एका मुलाने घरी विचारलं म्हणे, की मग एकलव्याचा अंगठा गेला तर त्याचं बिघडलं काय? त्याच्या आईने तो प्रश्न बाकड्यावर आणला आणि आम्ही सगळ्या निरुत्तर. सर हसले. म्हणाले, अंगठ्याने दोरी ओढायची पद्धत आशियात फार जुनी आहे, मंगोलिया, तुर्कस्तान, कोरिया, जपान, सगळीकडे. त्यासाठी अंगठ्यात खास अंगठी घालत किंवा हातमोजा. आपली पोरं शिकतात ती तीन बोटांची पद्धत युरोपकडची. मुलाचं समाधान झालं की नाही माहीत नाही. पण प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प न बसवता तो प्रश्न मैदानापर्यंत आणणारी ती आई मला फार आवडली.

मग येतो अँकर. दोरी ओढून हात चेहऱ्यावर जिथे टेकतो ती जागा. सुरुवातीला ओठाचा कोपरा, पुढे बिनचाकांच्या रिकर्व्ह धनुष्यात हनुवटीच्या खाली, दोरी नाकाच्या शेंड्याला आणि हनुवटीला लागते. दर बाणाला तीच जागा, केसभरही इकडेतिकडे नाही. का, ते मी एकदा हिशेबाच्या वहीवर मांडून बघितलं. ओढलेल्या दोरीपासून बाणाच्या टोकापर्यंत साधारण सत्तर सेंटीमीटर धरा. मागचं टोक एक सेंटीमीटर सरकलं, तर १८ मीटरवर बाण पंचवीस-एक सेंटीमीटर सरकतो. आणि इनडोअरचा कागदच मुळी ४० सेंटीमीटरचा, म्हणजे मधोमधपासून कडेपर्यंत २०. गालावरचा एक सेंटीमीटर आणि बाण कागदाच्या बाहेर! त्या दिवसापासून ‘एवढा कसा चुकला?’ हे माझ्या तोंडून कमी झालं. बंद झालं असं नाही म्हणत.

दोरी ओढायची ती दंडाने नाही, पाठीने. दोन फऱ्यांच्या मध्ये, मणक्यापाशी, जोर यायला हवा. हे मुलांना सांगून कळत नाही, कारण स्वतःची पाठ कुणाला दिसते? सर मध्ये बोट ठेवून म्हणतात, माझं बोट चिमटीत पकड. तेव्हा कुठे कळतं.

इथेच आपल्या एका दुखऱ्या जागेला हात घालते. पाउंड. शेजारच्या रेषेवरचा मुलगा चोवीस पाउंडांच्या जोराचं धनुष्य ओढतो आणि आपली अजून चौदावर, हे आपल्याला बरं कळलेलं असतं. पोरांनाही. मग घरी जाताना ‘कधी वाढवणार सर?’ सुरू होतं. मी अशा वेळी काय बघते सांगते. ओढताना खांदा कानाकडे चढतोय का. अंग मागे झुकतंय का. दोरी चेहऱ्यापर्यंत यायच्याऐवजी हनुवटीच पुढे दोरीला भेटायला जातेय का. अँकरला पोचल्यावर डावा हात लटपटतोय का. यातलं एक जरी दिसलं, तर आहे ते धनुष्यसुद्धा जड आहे. वाढत्या वयाचे खांदे आहेत हो. जड धनुष्याने पोरं चुकीच्या सवयी लावून घेतात आणि त्या सोडवायला शिकण्यापेक्षा दुप्पट वेळ जातो. कंपाउंडचं म्हणाल, तर त्याच्या चाकांमुळे पूर्ण ओढल्यावर भार पुष्कळ उतरतो हे खरं, पण तिथपर्यंत ओढून न्यावं लागतंच. घाई नको, एवढंच.

बाण सोडणं म्हणजे बोटं उघडणं असं आपल्याला वाटतं. मुलंही सुरुवातीला फाटकन् बोटं उघडतात आणि हात बाहेर उडतो. भाजीची जड पिशवी बोटांच्या आकड्यावर लटकवून आणतो ना, ती ओट्यावर ठेवताना बोटं सैल पडतात आणि बंद आपोआप निसटतात, तसं ते व्हायला हवं. पाठीची ओढ चालूच राहिली, की हात आपसूक गालाला घासत कानामागे जातो. डावा हात मात्र टार्गेटकडेच राहायचा, बाण लागल्याचा आवाज येईपर्यंत.

आणि नेमकं तिथेच मुलं डोकावतात. बाण कुठे गेला ते बघायला धनुष्य खाली घेतात, मान बाहेर काढतात. दोरी पुरती सुटायच्या आतच हात खाली आलेला असतो, बाण भरकटतो. सर ओरडतात, ‘‘थांब तिथेच!’’ मूल ओशाळतं, पुन्हा तेच करतं. आता जरा मागे वळून बघा. मागे बाकड्यावर आपण असतो, मान उंच करून, कुठे लागला ते बघत. पोराला ते दिसत नसलं तरी ठाऊक असतं. बाण लागल्यावर आपल्या तोंडून ‘वाऽ’ निघतं किंवा ‘च्’ निघतं. तो ‘च्’ त्यांना बरोबर ऐकू जातो. मी हल्ली स्वेटर विणायला घेतलाय. चार बोटांएवढाही झालेला नाही, पण मान खाली राहते.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगावीशी वाटते. कधीतरी मूल दोरी पूर्ण ओढतं, नेम धरतं, आणि काहीतरी बिनसलंय असं वाटून न सोडताच हळूच दोरी परत नेतं. धनुष्य खाली. श्वास. पुन्हा पहिल्यापासून. बाहेर आपण चडफडतो, अगं सोड की, वेळ जातोय! पण मैदानावर मोठी माणसंसुद्धा ज्यासाठी झटतात, ती हीच गोष्ट. वाईट बाण न मारता परत घेणं. ज्या दिवशी ते दिसेल त्या दिवशी घरी जाताना त्याचं कौतुक करा. सहाच्या सहा पिवळ्यात लागले त्यापेक्षा जास्त करा.

कारण याची उलट बाजू फार छळते. काही मुलांना असं होतं, की नेम पिवळ्याला टेकायच्या आतच बोटं सुटतात. थांबताच येत नाही. किंवा नेम पिवळ्याच्या खाली अडकतो, वर जातच नाही, हात थरथरतो. टार्गेट पॅनिक म्हणतात याला, आणि जगातल्या भल्याभल्या तिरंदाजांना ते झालेलं आहे. मूल तेव्हा आळशी नसतं, नाटकं करत नसतं, ‘कॉन्सन्ट्रेशन’ कमी असतं असंही नाही. उलट मनात त्या पिवळ्याचाच धसका असतो. अशा वेळी कागद काढून पुन्हा रिकाम्या बट्रेससमोर उभं करतात, ओढायचं आणि न सोडता परत न्यायचं असं करून घेतात. घरी आपण एवढं करू शकतो, की काही दिवस आकड्याचं नावच काढायचं नाही. जेवताना दुसरं बोलायचं. मांजराबद्दल बोलायचं.

आकडाच बघायचा असेल, तर कसा बघायचा तेही सांगते. तीन बाण समजा निळ्यात गेले, पण तिन्ही एकमेकांना चिकटून. दुसऱ्या मुलाचा एक दहात, एक काळ्यात, एक कागदाबाहेर. सर कोणावर खूश होतात? पहिल्यावर. तिन्ही एका जागी गेले म्हणजे क्रिया तिन्ही वेळा सारखी झाली. नेम धरायची धनुष्यावरची साईट थोडी सरकवली, की ती जुडी पिवळ्यात येते. बाण ज्या बाजूला गेलेत त्याच बाजूला साईट सरकवायची, हे मला आधी उलटं वाटायचं. पण विखुरलेले बाण कुठल्याच स्क्रूने गोळा होत नाहीत. तेव्हा ‘किती आले’च्या जागी ‘जुडी कशी होती?’ विचारून बघा. उत्तर देताना मुलाचा चेहरा वेगळा असतो, कारण या प्रश्नाचं उत्तर त्याला सांगता येतं.

घरच्या बाबतीत मात्र थोडी कडक बोलणार आहे, राग मानू नका. पाहुणे येतात. ‘‘अगं, काकांना दाखव की तुझं धनुष्य, ओढून दाखव!’’ आपल्याला अभिमान वाटत असतो. पोर हॉलमध्ये धनुष्य जोडते, ओढते, आणि हसण्याच्या नादात दोरी सुटते. बाणाशिवाय. बाण असला की धनुष्यातली सगळी ताकद तो घेऊन जातो. तो नसला तर ती ताकद धनुष्यातच आदळते. पात्यांना तडे जातात, दोरी तुटते, तुकडा उडून डोळ्यालाही लागू शकतो. रिकामी दोरी कधीच सोडायची नाही, काकांसाठी तर नाहीच. आणि बाण असला तर गच्चीवर, पार्किंगमध्ये, गॅलरीत काहीच नाही. पोरांना दाखवायचंच असेल तर रबरी पट्टा ओढून दाखवू दे. तो बघून काका चहाकडे वळतात, हेही बरंच.

मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत ताडमाड वाढतात, तेव्हा बुटांचा नंबर बघतो तसा बाणाचाही बघून घ्या. हात लांब झाले की ओढ लांबते, आणि बाण आखूड पडला तर ओढताना तो धनुष्यावरच्या टेकूवरून मागे निसटून हातात शिरू शकतो. नवशिक्यांना सर मुद्दाम लांब बाण देतात ते म्हणूनच. ओढणी, लोंबते कानातले, मोकळे केस, जॅकेटची दोरी, हे सगळं दोरीच्या वाटेतलं. छातीवर चेस्ट गार्ड.

पहिल्या स्पर्धेच्या दिवशी आपणच जास्त घाबरलेले असतो. शिट्ट्या आधी समजून घ्या, म्हणजे मुलाला विचारत बसावं लागत नाही. दोन शिट्ट्या, रेषेवर या. एक शिट्टी, मारा. तीन, बाण आणायला जा. पाच-सहा एकामागून एक वाजल्या तर काहीतरी धोका आहे, सगळं थांबवा. बाण उपटताना एक हात कागदावर, दुसरा बाणाच्या बुडाशी, आणि मागे कुणी उभं नाही ना बघून. तुमची बाकीची कामगिरी म्हणजे टोपी, पाणी, शेंगदाण्याची चिक्की आणि गप्प बसणं. ७० मीटरवरचा कागद १२२ सेंटीमीटरचा असला तरी त्यातले बाण नुसत्या डोळ्यांनी नीटसे दिसत नाहीत, म्हणून काही पालक दुर्बीण घेऊन येतात. आणा, पण ‘‘खाली जातोय, वर मार!’’ ही सूचना मागून देऊ नका. मुलाला सर एक सांगतायत, आपण दुसरंच, आणि दोरी ओढलेली.

खर्चाचं म्हणाल, तर पहिल्या वर्षी शक्यतो क्लासचंच धनुष्य वापरू दे. मूल वाढतंय, पाउंड बदलतील, ओढ बदलेल, आपण घेतलेलं माळ्यावर जाईल. स्वतःची टॅब, आर्म गार्ड आणि स्लिंग तेवढी घ्या. आणि एक जोड सपाट तळाचे बूट. जाड उशीवाले, उड्या मारायचे महागडे बूट नकोत, त्यात पाऊल डुलतं. शाळेचे कॅनव्हासचे असतील तर तेच चालतात, पांढऱ्याचे मातकट झालेले असले तरी.